मोज्यांचं निमित्त

टप्... ओल्या मोज्यातलं पाणी पियानोच्या झाकणावर पडलं, आणि आतल्या खोलीत नुकत्याच झोपलेल्या माझ्या लेकीनं कूस बदलली. मी श्वास रोखून धरला. नाही उठली. देव पावला.

तेवढ्यात दारावर दोन बोटांची टकटक. पियानो जुळवणारे. या घरात बेल वाजवायची नाही, हे त्यांना न सांगताच कळलेलं.

"पियानोवर मोजे?" ते दारातच म्हणाले. हत्यारांच्या पिशवीनं त्यांचा एक खांदा कायमचा उतरलेला. "ओल लागली की तारा बिघडतात, किती वेळा सांगू?"

"विसरले."

"बाहेर ऊन आहे कडकडीत."

"दिसलं नाही..."

"सहा महिन्यांतून एकदा यायचं काम हे. दोन महिन्यांत ही चौथी खेप."

"बरं, मग नका येत जाऊ!"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. मोजे उचलून खिडकीत टांगले — जोडी-जोडीनं.

लेकीचे बाबा गेले, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून जागं राहायचं काम माझ्या एकटीचं. पण पियानो जुळवणारे एकेक पट्टी वाजवू लागले, किल्लीनं तार तसूभर ताणू लागले, की त्या टिंगटिंगीत लेक आणखी गाढ झोपायची, आणि मलाही खुर्चीतच डुलकी लागायची. घरात दुसरं कुणीतरी जागं आहे — एवढ्यानंच. म्हणून तर बोलवायची. मोजे बिचारे निमित्ताला.

आजही डोळा लागला. जाग आली ती आवाज थांबल्यावर. ऊन पार भिंतीवर चढलं होतं.

"अगं बाई! इतका वेळ लागला?"

ते किल्ली पुसत राहिले. "पियानो... अर्ध्या तासातच जुळला होता."

"मग?"

"मग एकच पट्टी वाजवत बसलो. थांबलो की तुम्ही डोळे उघडता. मागच्या वेळीही... त्याच्या मागच्या वेळीही." त्यांचे कान लाल झाले. "बोट दुखतं हो फार."

मला हसू आलं. "म्हणजे मोज्यांचं पण तुम्हाला..."

"पहिल्याच दिवशी कळलं. निदान धुवायचे तरी! टाचांना माती तशीच, आणि वरून पाणी शिंपडलेलं."

बिंग फुटलं. मी ओंजळीत तोंड लपवलं.

"आज पक्का जुळवलाय," ते हळूच म्हणाले. "बरेच महिने बघायला नको. आता बोलावलंत, तर... मोज्यांचं नाव सांगू नका."

विस्कटलेल्या केसांनी लेक बाहेर आली. सगळ्या पट्ट्यांवरून तिनं बोट फिरवलं.

"टिंगटिंगकाका, बरा झाला?"

"ठणठणीत!"

"परत कधी बिघडणार?"

"आता नाही बिघडणार."

ते खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. गाठ केव्हाच बसली होती, तरी बांधतच होते.

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आई, काहीच बिघडलं नाही... तर काका उद्या कशाला येणार?"