पत्र्याखालचा खांबोबा

एका रात्रीत टेकडी तेवीस मिलिमीटर खचली होती, पण तिच्या पायथ्याच्या पाथरवाडीत कुणाची मातीची चूलसुद्धा तडकली नव्हती. दहा वर्षांच्या जुईला हे कोडं काही सुटेना.

जुईचे आजोबा, तात्या, भूवैज्ञानिक. टेकडीवरच्या सिमेंटच्या खांबाची मोजणी करता करता त्यांची तीस वर्षं गेली होती आणि आता ते पुरते थकले होते. परवाच भूकंपाचा हलका धक्का बसला होता. टेकडी खरंच खचत असेल तर दरड गावावर येणार. गाव हलवायचं की नाही, ते तात्यांनी आज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं होतं. पाथरवाडी आधीच दोनदा हलली होती, एकदा धरणासाठी, एकदा दरडीच्या भीतीने.

“तिसऱ्यांदा कुठल्या तोंडाने सांगू गं त्यांना?” तात्या म्हणाले.

“पण तात्या, एवढासा मिलिमीटर कळतो कसा?”

“खांबावर अँटेना आहे. उपग्रहांचे संदेश तिथे येतात. संदेशाला किती वेळ लागला, त्यावरून उपग्रह किती लांब ते कळतं. निदान चार उपग्रहांपासूनची अंतरं मिळाली की खांबाची जागा ठरते. अशा हजारो मोजण्या एकत्र केल्या की जमिनीचं विरूपण (वाकणं, खचणं, सरकणं) पकडता येतं. भूकंप कधी होणार ते नाही सांगता येत. ताण कुठे साठतोय, तेवढं कळतं.”

जुई तात्यांच्या यंत्रमानवाकडे वळली. “ओळंब्या, खांबाला किती उपग्रह दिसतायत?”

“परवापर्यंत एकोणीस. काल दुपारपासून सहा.”

“आणि पलीकडच्या टेकडीवरच्या खांबाला?”

“एकोणीस. तो जागचा हललेलाही नाही.”

“तात्या, आपल्याच खांबाचं आभाळ कुणी पळवलं?”

तात्या गुडघे धरून उठले. टेकडी चढताना ते चारदा बसले आणि चारही वेळा स्वतःच्या वयाला शिव्या घातल्या. गावाने खांबाचा केव्हाच खांबोबा केला होता. हळदीकुंकू, नारळ, सगळं तात्यांनी चालवून घेतलं होतं. पण आज खांबोबावर चार बांबूंचा मांडव होता आणि मांडवावर कोरा करकरीत पत्रा!

शेजारी विठाकाकू हात जोडून बसल्या होत्या. “परवा धरणी हालली, तात्या. देव उन्हात तापतोय म्हनून कोपला आसंल. मग घातला पत्रा.”

तात्या काकूंच्या शेजारी बसले. रागवायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं.

“अहो काकू, पत्र्याने वरचे उपग्रह झाकले. बाकीच्यांचे संदेश पत्र्यावर आपटून उशिरा पोचले. उशीर झाला की यंत्राला वाटतं, उपग्रह लांब गेला. मग सगळा हिशेबच चुकतो. टेकडी खचलीच नाही!”

ओळंब्याने पत्रा उतरवला. तासाभरात एकोणीस उपग्रह परत आले आणि आकडा जागेवर आला. पाचला दहा मिनिटं असताना तात्यांनी फोन लावला. “गाव हलवायचं नाही.”

काकूंनी पदराने डोळे पुसले. “म्हंजी आता सरकायचं न्हाई?”

तात्यांना दिवसातलं पहिलं हसू आलं. “सरकताय की! आपला अख्खा भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा भला मोठा तुकडा) वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतोय. ही जुई जन्मल्यापासून तुमचं गाव अर्धा मीटर पुढे गेलंय.”

“चुलीसकट?”

“चुलीसकट, गोठ्यासकट.”

“आसं सरकाया माजी ना न्हाई,” काकू म्हणाल्या.

उतरताना तात्यांनी जुईच्या खांद्यावर हात टेकला. “उद्यापासून वर तू यायचंस. माझे गुडघे आता खांबोबाला पोचत नाहीत.”

जुईने मान डोलावली आणि तात्यांना झेपेल अशा बेताने पावलं टाकू लागली.