शनीची तीन नावं

लिफ्ट बंद होती आणि माझी रेकॉर्डिंगची खोली तारांगणाच्या तिसऱ्या मजल्यावर. कठडा धरून मी एकेक पायरी चढत होते. मागून पावलं वाजली... आणि थांबली.

"जा ना पुढे," मी मागे न बघताच म्हटलं. "मला वेळ लागतो."

"लागू दे की! मीही हिंमतच गोळा करतोय. वर कुणी रेकॉर्डिंगवाल्या बाई आहेत... फोनवर भलत्याच खडूस वाटल्या. उशीर झाला तर कच्चं खातील."

"खातात," मी म्हटलं. "मीठसुद्धा न लावता."

तो मनमोकळं हसला. वर पोचल्यावर मी पर्समधून किल्ली काढली, दार उघडलं आणि म्हटलं, "या, बसा."

त्याचा चेहरा... काय सांगू! कान लालबुंद.

तो मोठ्या हॉस्पिटलमधला दुभाषा. परदेशी पेशंटांचं म्हणणं डॉक्टरांना सांगायचं, डॉक्टरांचं त्यांना. आमच्या नव्या कार्यक्रमात प्रत्येक ग्रहाचं नाव निरनिराळ्या भाषांत ऐकू येणार होतं. त्याच्या वाट्याला आला होता शनी.

"अरबीत झुहल," तो माइकसमोर म्हणाला. "म्हणजे दूर सरलेला. फारसीत केवान. ते नाव फार जुन्या बाबिलोनी शब्दावरून आलंय... ठाम, न डगमगणारा."

"आणि आपण म्हणतो, शनी मागे लागला!" मी काचेपलीकडून म्हटलं.

"बिचारा! मूळ शब्द शनैश्चर. शनैः म्हणजे हळूहळू. सूर्याभोवती एका फेरीला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. हळू चालणारा... एवढंच म्हटलंय हो त्याला. त्यात वाईट काय?"

शेवटचं वाक्य बोलताना त्यानं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडले, तेव्हापासून गुडघ्यात धातूची पट्टी आहे. ठरलेलं लग्न मोडलं. 'हळू' हा शब्द लोक माझ्याशी बोलताना आवाज उतरवून वापरायचे. या माणसानं तो मोठ्यानं, कौतुकानं उच्चारला होता.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. "रेकॉर्डिंगमध्ये खरखर आलीय. परत यावं लागेल."

तो आला. हेडफोन लावून त्यानं ते सगळं ऐकलं, अगदी शांतपणे.

"खरखर कुठे आहे?"

"...नाहीये."

"बरं झालं," तो म्हणाला. "मीच आज एखादी वस्तू इथे विसरणार होतो."

मग रोजचंच झालं. पाच वाजता तो फाटकाशी उभा असायचा आणि आम्ही बसस्टॉपपर्यंत चालत जायचो. दहा मिनिटांचा रस्ता, आम्हाला अर्धा तास पुरायचा नाही. पण एके दिवशी माझ्या लक्षात आलं... त्याची लांब ढांग तो मुद्दाम आखडती घेतोय. माझं डोकंच फिरलं.

"माझ्यासाठी हळू चालू नका. कीव केलेली मला चालत नाही!"

तो थांबला. बसही आली आणि गेली.

"दिवसभर मी दुसऱ्यांची वाक्यं बोलतो," तो म्हणाला. "तीही धावत. आज एका आईला सांगितलं, मुलगा वाचला. शब्द डॉक्टरांचे होते. ती माझे हात धरून रडली, आणि मला पुढच्या खोलीत पळावं लागलं. तुमच्याबरोबर चालताना... माझं स्वतःचं वाक्य सुचायला वेळ मिळतो."

"मग? सुचलं का?"

"केव्हाच. बोलायचं धाडस होत नव्हतं." त्याचे कान पुन्हा लाल. "मला तुम्ही आवडता. तू... आवडतेस."

मी नुसता त्याचा हात धरला. पुढची बसही आम्ही जाऊ दिली.

रविवारी तो घरी आला. दार मावशीनं उघडलं. आई गेल्यापासून मला तिनंच वाढवलेलं, आणि ती कुणालाही पटकन पसंत करत नाही.

"काय काम काढलंत?" तिनं दारातच विचारलं.

"तुमचे आभार मानायचे होते."

"माझे? ते कशाबद्दल?"

"ती सांगत होती... अपघातानंतर ती पलंगावरून उठायलाच तयार नव्हती. तुम्ही रोज सकाळी तिला कमरेला धरून व्हरांड्यातून चालवलंत. सहा महिने. ती शिव्या द्यायची, तरी. तुम्ही तसं केलं नसतं तर ती मला भेटलीच नसती."

मावशी पदरानं चष्मा पुसत स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज आला, नळ वाहिला, बराच वेळ वाहतच राहिला. मी दाराशी उभी. मावशीला आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं... मीसुद्धा नाही. आत जाऊन मी मागून तिला घट्ट मिठी मारली.

"सोड गं, दूध उतू जाईल," ती म्हणाली. मग बाहेरच्या दिशेनं ओरडली, "साखर किती रे घेतोस? एकदाच सांगून ठेव, रोज विचारणार नाही!"