शेजारच्या सीटचं दार

काकू घराला कुलूप लावायच्या, आणि मागे फाटकापाशी उभ्या असलेल्या गाडीचं दार ‘खट्’ करून उघडायचं. चालवणाऱ्याच्या बाजूचं नव्हे हं, शेजारच्या सीटचं! काका होते तेव्हा ते पुढे जाऊन हेच दार उघडून उभे राहायचे, कारण स्टिअरिंगला त्यांनी काकूंना जन्मात हात लावू दिला नव्हता. ते गेल्यावर काकू हट्टाने गाडी शिकल्या. पहिल्यांदा एकट्या निघाल्या, त्याच दिवसापासून हे दार आपोआप उघडायला लागलं.

दुसरी कुणी असती तर बोंब ठोकली असती. काकू मात्र कमरेवर हात ठेवून हसल्या. “अहो, निदान आता तरी मला चालवू द्या की!” म्हणाल्या, ते दार लोटून दिलं आणि वळसा घालून आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

मग ते रोजचंच झालं. भाजीला, दवाखान्यात, बहिणीकडे, कुठेही जायचं असलं तरी काकू रस्ताभर त्या रिकाम्या सीटशी गप्पा मारायच्या. सुनेचं कौतुक, शेजारणीच्या चुगल्या, गुडघ्याचं दुखणं, रात्री घर खायला उठतं म्हणून दिवा चालू ठेवून झोपते तेसुद्धा. काकांनी हयातीत एवढं मुकाट्याने कधी ऐकून घेतलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, काकू सुखात होत्या.

परगावी राहणाऱ्या मुलाला हे फोनवर कळलं. काका गेले तेव्हा त्यांची गाडीची चावी कुठे गेली ते कुणालाच कळलं नव्हतं. “आई, भूतबीत काही नाही. बाबांची चावी कुणा चोराच्या हाती लागलीय,” तो म्हणाला आणि त्याने एका दुपारी चावीवाल्याला घरी पाठवलं.

चावीवाला बडबड्या, पण कामाचा पक्का. काकूंची चावी तळहातावर घेऊन म्हणाला, “काकू, ही नुसती चावी नाही, हा इवलासा रेडिओ आहे. तुम्ही जवळ आलात की गाडी विचारते, कोण? पर्समध्ये बसल्या बसल्या ही तिला खुणेचा आकडा सांगते. आकडा दर वेळी नवा, म्हणजे कुणी चोरून ऐकला तरी हात चोळत बसेल. गाडीला पटला की कुलूप उघडतं, चावी लांब गेली की आपोआप लागतं. पण चावी अगदी हाताच्या अंतरावर पाहिजे बरं का.”

“मग माझ्याच चावीने उघडत असेल.”

“बघू या की.” त्याने चावी एका पत्र्याच्या डब्यात घातली आणि झाकण घट्ट लावलं. “आता हिचा आवाज बाहेर जाणार नाही. या तुम्ही नेहमीसारख्या.”

काकूंनी घराला कुलूप लावलं आणि त्या चालत आल्या.

खट्.

चावीवाल्याने आधी रस्त्यावर पाहिलं, मग गाडीखाली वाकून पाहिलं. कुणीही नव्हतं. “म्हणजे काकांची चावी इथेच कुठेतरी आहे.”

“मी तेच तर सांगतेय,” काकू समाधानाने म्हणाल्या.

“हरकत नाही. गाडीच्या आठवणीतून सगळ्या चाव्या पुसायच्या आणि हातात आहे तेवढी पुन्हा नोंदवायची. हरवलेली चावी मग नुसतं खेळणं.”

काकूंचा चेहरा पडला. “म्हणजे... ह्यांना गाडी ओळखणार नाही?”

“नाही ओळखणार.”

“नको रे बाबा पुसू. एवढंच तर राहिलंय माझं.”

त्यालाही कसंसंच झालं. “बरं, आधी नुसतं बघतो,” म्हणत तो स्टिअरिंगपाशी बसला. काकू शेजारी बसल्या. पाय पसरायला त्याने सीट मागे सरकवली, तर खाली काहीतरी अडकलं. हात घालून ओढलं तर काकांची चावी!

“बघ! म्हटलं नव्हतं?” काकूंनी ती छातीशी धरली. डोळे भरून आले त्यांचे.

चावीवाल्याने हलकेच ती मागून घेतली आणि नखाने उघडली. आतला सेल फुटून त्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता.

“काकू, ही मुकी आहे. कधीची मेलीय. हिने दार उघडणं शक्य नाही.”

त्याने चाव्या तपासायच्या आपल्या यंत्राची वायर गाडीला जोडली, पडद्यावर पाहिलं आणि विचारलं, “गाडीबरोबर चाव्या किती मिळाल्या होत्या?”

“दोनच.”

“इथे तीन दिसतात. तुमची डब्यात आहे. काकांची ही. आणि तिसरी...” त्याचा आवाज खाली गेला. “तिसरी चालू आहे. गाडीच्या आत... मागच्या सीटवर.”

काकूंनी मान वळवली नाही. गाडीत भिजलेल्या मातीसारखा थंड वास होता, तो त्यांना आज पहिल्यांदा जाणवला. इतके महिने आपण कुणाला काय काय सांगत आलो, ते सगळं एकदम आठवलं आणि अंगावर सर्रकन काटा आला.

“पूस,” त्या पुटपुटल्या. “सगळ्या पूस...”

त्याने बटण दाबलं. दोन ओळी लगेच गेल्या. तिसरी लुकलुकत राहिली, मग तीही गेली. दोघांनीही श्वास सोडला.

“गेली बघा,” तो उसनं हसत म्हणाला. “आता तुमची चावी तेवढी पुन्हा नोंदवतो, मग या गाडीचं दार तुमच्याशिवाय कुणासाठी उघडणार नाही.”

खट्.

गाडीची चारही दारं बंद होती. आवाज समोरून आला होता, घराकडून. तिथे साधं पितळी कुलूप होतं, त्यात ना रेडिओ ना सेल. ते आता कडीत उघडं लोंबत होतं आणि घराचं दार, आत येणाऱ्यासाठी कुणीतरी धरून ठेवावं तसं, अर्धं उघडं होतं.

घराच्या किल्ल्या काकूंच्या मांडीवर होत्या.