मधल्या आवाजाची वही

यातलं काहीही मी मनाने रचलेलं नाही.

मला हे दोघांनी सांगितलं. एक माझी आई, डॉर्कस. दुसरा तिचा थोरला भाऊ, जर्विसमामा. दोघं वेगवेगळ्या वर्षी बोलले, एकमेकांच्या माघारी बोलले, आणि तरी त्यांच्या सांगण्यात कुठे फरक पडला नाही. आईला तर हे सांगायचंच नव्हतं.

जागा म्हणजे आमचं वेनफर्ड गाव, इंग्लंडातल्या सफक परगण्यातलं. चर्चच्या आवाराला लागून असलेलं मामाचं घर. सोळाशे चारचा नोव्हेंबर.

वही हरवल्याचं कळलं ती संध्याकाळ.

थॉमसिनमामी ऑक्टोबरात तापाने गेली होती. मामा हातमोजे शिवायचा, पण ती गेल्यापासून त्याने सुई हातात धरली नव्हती. आई त्याचं घर सांभाळायला आली होती. त्या संध्याकाळी फिस्क आणि त्याची बायको एव्हिस आले. फिस्क लोकर रंगवायचा. मामी असताना ही चौघं आठवड्यातून एकदा जेवण झालं की टेबलाभोवती बसून गायची. ती गेल्यावर प्रथमच ते आले होते.

"गाणार नसलास तरी चालेल," फिस्क म्हणाला. "नुसतं बसू. बिअर आणली आहे."

"बिअर यांनी स्वतःसाठी आणली आहे, भाऊजी," एव्हिस म्हणाली. "तुमचं नुसतं निमित्त."

मामा थोडं हसला. मग उठला आणि त्याने पेटी उघडली.

आत तीनच वह्या होत्या.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. ही गाणी चार आवाजांची. काही प्रेमाची, ज्यांना मॅड्रिगल म्हणतात, काही लॅटिन प्रार्थना. चार आवाजांच्या चार वह्या. शब्द चारही वह्यांत तेच, पण सूर ज्याचे त्याच्याच वहीत. चौघांचे सूर एकत्र लिहिलेला कागद कुठेच नसतो. एक वही गेली की गाण्याला मध्येच भगदाड पडतं, आणि तिथे काय होतं हे बाकीच्या तीन वह्या सांगू शकत नाहीत.

ही गाणी व्हेनिसच्या एका व्यापाऱ्याने एका हिवाळ्यापुरती वाचायला दिली होती. चौघांनी आपापली वही स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. व्यापारी मूळ वह्या घेऊन गेला तो परत आला नाही. मामाने चारही वह्या वेगवेगळ्या, पण एकाच जातीच्या कातड्यात बांधल्या. बाहेरून चारही सारख्याच.

गेली होती ती मामीची. मधल्या आवाजाची.

"नीट बघ," फिस्क म्हणाला. "माझे हात निळे आहेत, नाहीतर मीच शोधली असती."

"तुमचे हात लग्नातही निळेच होते. सरका."

एव्हिसने पेटी उपसली. मामाने पलंगाखाली पाहिलं, शिवणाच्या टोपलीत पाहिलं, पिठाच्या पिंपामागेही पाहिलं.

"डॉर्कस, तू पाहिलीस का गं?"

आई आतमध्ये रस्सा ढवळत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"नाही, दादा," ती म्हणाली.

आणि ढवळत राहिली.

मामाने उरलेल्या तीन वह्या टेबलावर मांडल्या. मग तो म्हणाला, "म्हणू या. तिघांत जेवढं होईल तेवढं."

बाहेर अंधारून आलं होतं. एव्हिसने वरचा आवाज धरला, मामाने तिसरा, फिस्कने खालचा. गाणं लंगडत होतं. मामीची जागा आली की तिघंही नकळत थोडं थांबायचे, दारात कुणासाठी थांबावं तसं.

गाणं अर्ध्यावर आलं आणि...

पान उलटल्याचा आवाज आला.

एव्हिसने मामाकडे पाहिलं. मामाने फिस्ककडे. प्रत्येकाची वही वेगळ्या जागी उलटते. त्या ओळीवर त्यांच्यापैकी कुणाचंच पान उलटत नव्हतं.

तिथे फक्त मामीचं उलटायचं.

कुणी गायचं थांबवलं नाही. का, ते मामालाही सांगता आलं नाही. पुढची ओळ आली, मधल्या आवाजाची जागा आली, आणि...

ती जागा भरली.

मोठा आवाज नव्हता. मामीचा कधीच मोठा नव्हता. थोडा नाकातला, वरच्या सुराला जरासा उशिरा पोचणारा. एव्हिसच्या शेजारची रिकामी खुर्ची होती, तिथून येत होता.

गाणं संपलं. खोलीत चुलीचा आवाज तेवढा राहिला.

फिस्कने बिअरचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "आम्ही निघतो," तो म्हणाला.

"उद्या या," मामा म्हणाला.

ते आले. त्यानंतरही येत राहिले. फिस्क भित्रा माणूस, तरी आला. प्रत्येक वेळी तिघांनी गायला सुरुवात केली की काही वेळाने पानाचा आवाज, आणि मग ती.

मामाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. तिची ओळ लिहून घ्यायची. लिहून झाली की गाणी तरली, आणि मामीही तरली. असं त्याला वाटायचं.

पण गावात सूर लिहिता येणारी माणसं हीच तीन होती. मामाने दौत जवळ ओढली, लेखणी बुडवली आणि गाणं सोडून ऐकायला लागला.

त्याने गायचं थांबवलं त्याच क्षणी ती थांबली.

मग एव्हिसने लिहून पाहिलं. तेच झालं. फिस्कने लिहून पाहिलं. तेच. तिघंही गात असतील तरच ती गायची.

"पाठ करू," एव्हिस म्हणाली. "भाऊजी, एकेक ओळ लक्षात ठेवू."

तेही जमलं नाही. गाणं चालू असेपर्यंत ओळ कानात स्पष्ट असायची. शेवटचा सूर थांबला की पुसली जायची. मामा कागद समोर घेऊन बसायचा, आणि त्याला फक्त तिने श्वास कुठे घेतला तेवढं आठवायचं.

"तूच लिही काहीतरी मधलं," फिस्क एकदा म्हणाला. "तुला काय जड आहे? कुणाला कळणार नाही."

"मला कळेल."

डिसेंबर लागला तसा एक फरक पडला.

एव्हिसच्या तो आधी लक्षात आला. "भाऊजी, काल 'सोनेरी केस' या शब्दांवर थॉमसिन गप्प होती ना?"

"ती तिथे श्वास घेते."

"श्वासाएवढं नाही. त्याहून जास्त."

पुढच्या वेळी मामाने कान देऊन ऐकलं. ओळीच्या मध्येच दोन शब्द नव्हते. ती गात होती, गप्प झाली आणि पुढे पुन्हा गायला लागली. खाचखळग्याच्या रस्त्यावर माणूस पाय उचलून टाकतो तसं. त्यानंतर भोकं वाढत गेली. कधी अर्धी ओळ. कधी शेवट.

आणि पान उलटल्याचा आवाज बदलला होता...

तो ओल्या कागदाचा होता. चिकटलेली दोन पानं सोडवताना येतो तसा.

त्या रात्री फिस्क आणि एव्हिस गेल्यावर मामा आईजवळ आला. ती भांडी घासत होती. त्याने तिला पानाचं सांगितलं. ओलं झाल्याचं सांगितलं. आईच्या हातातून थाळी सुटली.

"दादा," ती म्हणाली, "वही वहिनीपाशी आहे."

मामाला कळलं नाही.

"मी ठेवली. कफन शिवायच्या आधी. तिच्या हाताखाली." आई ओल्या हातांनीच तोंड पुसत होती. "मला वाचता येतं रे, पण ते सूर मला कळत नाहीत. मी चारही वह्या उघडून पाहिल्या. चारहींत तेच शब्द. मला वाटलं एकाच पुस्तकाच्या चार प्रती आहेत. तिच्या अक्षरातली एक तिला दिली तर तुला तीन उरतात. मला वाटलं, जाताना तिला सोबत होईल."

मामा खाली बसला.

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"तू पिठाच्या पिंपामागे शोधत होतास. माझ्याच्याने बोलवेना."

तो तिला रागावला नाही. आई म्हणायची, तो रागावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुदळ घेऊन बाहेर पडला. पाद्र्याला विचारलं नाही. आई मागोमाग गेली. दव पडलं होतं, मामीच्या कबरीवरची माती अजून बसली नव्हती. मामाने कुदळ उचलली आणि तसाच उभा राहिला.

"दादा, मी खणते," आई म्हणाली. "चूक माझी आहे. अजून बरीचशी पानं असतील. आत्ता काढली तर वाचतील."

"वाचतील," मामा म्हणाला.

"मग?"

"मी वही काढून घेतली, तर ती काय बघून गाईल?"



"आणि नाही काढली तर?" तिने विचारलं.

मामाने कुदळ खाली टेकवली. आई सांगायची, तो तिथे इतका वेळ उभा होता की त्याच्या टोपीवर दव जमलं. मग तो घरी आला आणि कुदळ जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेली. पुन्हा आणली. असं कितीतरी दिवस चाललं. गावात लोक त्याला वेडा म्हणायला लागले. फिस्क त्यांना सांगायचा, "बागेसाठी खत शोधतोय तो." पण फिस्कलाही हसू यायचं नाही.

संध्याकाळी ते गात राहिले.

फेब्रुवारीत पाऊस लागला. आता एका गाण्यात तिची एखाददुसरी ओळच असायची. मग एखादा शब्द. एव्हिस रडत रडत वरचा आवाज धरून ठेवायची, कारण ती थांबली तर मामीही थांबणार.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी पहिलंच गाणं घेतलं, ज्याने वह्या सुरू होतात. तिच्या पानाची जागा आली, आणि...

पान उलटलं नाही.

फाटलं.

नंतर खुर्चीकडून फक्त श्वास ऐकू आला. गायच्या आधी घेतात तसा. त्याच्यापुढे काही नाही.

तिघांनी गाणं शेवटपर्यंत नेलं. मग एव्हिसने वही मिटली. ती पुन्हा उघडली गेली नाही.

मामा त्यानंतर बरीच वर्षं जगला. पुन्हा हातमोजे शिवू लागला. मी त्याला पाहिलं आहे, मला त्याने हे सगळं सांगितलं ते मी मोठा झाल्यावर, याच टेबलाशी. शेवटच्या दुखण्यात त्याने आईला एकच गोष्ट मागितली. त्याची वही त्याच्या हाताखाली ठेवायची.

"तिची गेली," तो म्हणाला. "माझ्या ओळीवरून तिला तिची आठवेल कदाचित."

आई हो म्हणाली.

पण कफन शिवायची वेळ आली तेव्हा ती वही घेऊन उभी राहिली आणि तिचे हात पुढे होईनात. "एकदा या हातांनी वही मातीत घातली आहे," ती म्हणाली. "पुन्हा घालणार नाही." पाद्री थांबला होता. तिने वही परत पेटीत ठेवली, आणि मामा रिकाम्या हातांनी गेला.

आता आईही गेली. माझी बायको गेल्या वर्षी गेली. घर माझ्याकडे आहे, पेटी माझ्याकडे आहे. मी सूर वाचायला शिकलो नाही.

थंडी पडली की संध्याकाळी चर्चच्या बाजूची खिडकी मी लावून घेतो. बाहेरून गाणं वगैरे काही येत नाही. पण कधी कधी...

गायच्या आधी घेतात तसा श्वास ऐकू येतो. आता मामा-मामी दोघांचा. मग बराच वेळ काहीच नाही. कुणीतरी वाट बघत असल्यासारखं.

मामाची वही अजून माझ्या पेटीत आहे. त्याच्याजवळ ठेवायची राहिली आहे.