येहुदिया

हैफाच्या बाजारात शुक्रवारची दुपार म्हणजे शनिवारच्या पवित्र सुट्टीआधीची नुसती पळापळ! बेकरीत वेणीसारखा गुंफलेला शेवटचा पाव उरला होता आणि त्यावर दोन हात एकदमच पडले.

"सोडा ना, मी आधी धरला," झेनिया म्हणाली.

"पाव धरलात... की माझा हात?" तो हसला. "असं करा, आमच्याकडेच या जेवायला."

काय आगाऊ माणूस! पण ती गेली. अव्नेर नाव त्याचं. बघता बघता 'अहो'चं 'अरे' झालं, लग्नाचं बोलणं निघालं आणि तिथेच घोडं अडलं. झेनियाचे वडील यहूदी, आई रशियन. तिकडे रशियात शाळेत पोरं 'यहूदी' म्हणून तिच्या अंगावर थुंकायची. इकडे धर्मगुरू, म्हणजे रब्बी, म्हणाले, जात आईकडून येते. ही येहुदिया, म्हणजे यहूदी बाई, नव्हे.

"मी होईन," झेनिया म्हणाली. कुणासाठी, ते सांगायला नकोच!

धर्मांतराच्या वर्गातल्या बाईंनी एकदा त्या शब्दाचं मूळ सांगितलं. धर्मग्रंथातली लेआ ही नवऱ्याची नावडती. दर मुलाच्या वेळी तिला वाटे, आता तरी हे माझ्याकडे बघतील. चौथ्याच्या वेळी तिने वाट बघणंच सोडलं, देवाचे आभार मानले आणि मुलाचं नाव ठेवलं येहुदा, म्हणजे 'आभार'. त्याच्यावरून येहुदी. झेनियाला रडू आवरेना. त्या दिवसापासून ती स्वतःसाठी शिकू लागली. शेवटी तीन रब्बींसमोर धर्माचे सगळे नियम पाळायचं वचन दिलं, धर्मस्नानाच्या कुंडात बुडी घेतली. बाहेर अव्नेर उभाच होता.

"काय मग... येहुदिया?"

ती लाजून लाल झाली.

पुढच्याच आठवड्यात दोघं रब्बींच्या कचेरीत लग्नाची नोंद करायला गेली. रब्बींनी अव्नेरला घराणं विचारलं.

"कोहेन! पुरोहितांचं घराणं आमचं," तो ऐटीत म्हणाला.

रब्बींनी पेन खाली ठेवलं. "कोहेनाला धर्मांतर केलेली मुलगी करता येत नाही, बाळ."

बाहेर आल्यावर झेनिया उसळली. "जन्मभर कोहेन म्हणून मिरवलास आणि एवढं ठाऊक नव्हतं?"

"असलं कोण बघतं गं! चल, सायप्रसला जाऊन रब्बीशिवाय लग्न करू. सगळे करतात."

"मी आधी हेच म्हणत होते. तेव्हा तुझ्या आईला मांडव हवा होता, रब्बी हवा होता."

"आता आईला समजावतो ना!"

"आणि मला कसं समजावशील? मी वचन दिलंय, अव्नेर. ते खोटं नव्हतं रे."

"यापेक्षा तू आधीच बरी होतीस!" तो ओरडला.

त्याला मिठी मारावी, हो म्हणून टाकावं, असं तिला अजूनही वाटत होतं.

"आधी मी तुम्हाला चालत नव्हते," ती म्हणाली आणि रडत रडत एकटीच उतार उतरू लागली.