शिंदीबनातलं मडकं

माधवराव वकिलांनी पक्षकाराची मोटार मागून आणली होती, आणि नांदेडपासून बिलोलीपर्यंत ती अगदी शहाण्यासारखी चालली. त्यांच्या बायकोच्या, सौदामिनीच्या, आईनं अन्नपाणी सोडल्याची तार आली होती आणि तिचं माहेर बिलोलीच्याही पुढं. निजामाच्या मुलखातले रस्ते ते. पण माधवरावांचा देवापेक्षा मोटारीवर भरवसा जास्त. "उन्हं कलायच्या आत तुला आईजवळ बसवतो," ते म्हणाले.

बिलोली मागं पडली आणि शिंदीची बनं लागली. बुंध्याबुंध्यावर आबकारीचा नंबर, शेंड्याखाली काप देऊन बांधलेली मडकी, हवेत आंबूस वास. तिथंच मोटारीनं मान टाकली. रेडिएटरचं टोपण काढताच वाफेचा लोट उसळला. आतलं पाणी आटलं होतं. ओढा कोरडा, आसपास विहीर नाही, माणूस नाही.

एका झाडाला मात्र हाताला लागेल इतक्या खाली भरलेलं मडकं टांगलं होतं. त्याच्या गळ्यात तांबडी चिंधी होती, आणि झाडावर नंबर नव्हता.

सौदामिनीनं ते पाहताच ओळखलं. तिच्या भागात शिंदी काढणारा झाडावरून पडून मेला, की ते झाड कायमचं त्याचं. घरची माणसं त्याच्या वाट्याची शिंदी तिथं ठेवतात. दुसरं कुणी त्या मडक्याला बोट लावत नाही.

"शिंदी म्हणजे पाणीच की," माधवराव म्हणाले. मग थबकले. "तुमच्याकडं याचं काही असतं का गं?"

तिच्या डोळ्यांपुढं आईचा चेहरा आला.

"काही नसतं. ओता लवकर."

मडकं रितं झालं तेव्हा बनातून एक म्हातारी आली. कपाळ मोकळं, कमरेवर मडकं. मागून कुणीतरी तिला "कमलम्मा" अशी हाक मारली, पण तिनं वळून पाहिलं नाही. ती रित्या मडक्याकडं बघत राहिली.

"कुणी घेतली?"

"मी, बाई. फार अडचण होती," माधवराव म्हणाले.

"असू द्या. माझा मालक लई गरीब हाय. पण उपाशी न्हाई राहायचा. दुसरं झाड बघंल."

मोटार लागलीच सुरू झाली.

माहेरी आई उठून बसली होती, पेज पीत होती. तिला मिठी मारून सौदामिनी रडली. त्या रडण्यात आनंद किती आणि लाज किती, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

सकाळी माधवरावांच्या उशीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. त्यांच्या मानेवर, कानाखाली, तिरपा काप होता. रक्त नव्हतं. नितळ पाणी थेंबथेंब गळत होतं.

"दुखत नाही," ते म्हणाले. "घसा तेवढा कोरडा पडलाय."

वैद्यबुवांनी पट्टी बांधली. कशानं झालं, त्यांनी विचारलं. सौदामिनीनं तोंड उघडलं. पण सांगायचं तर 'काही नसतं' असं आपण खोटं बोललो, हेही सांगावं लागलं असतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी आई आपल्या हातानं भाकरी खात होती.

सौदामिनी नवऱ्याजवळ गेली. पट्टी जशीच्या तशी होती, गाठही वैद्यबुवांचीच.

तिनं ती सोडली.

शिंदीचा पाझर बुजू नये म्हणून काप रोज पहाटे सोलतात. हा नुकताच सोललेला होता.