मेण ते मेण

ज्यांना पटणार नाही, त्यांनी खुशाल पान उलटावं. मी रोज सकाळी चर्चमध्ये मिस्सेला जाते, संध्याकाळी जपमाळ म्हणते. खोटं लिहून मला काही मिळवायचं नाही.

हे घडलं गेल्या मार्चमध्ये. रविवारी, दिवेलागणीच्या सुमाराला. अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या स्टीव्हन्स पॉइंट गावात... आमच्याच घरात.

बाहेर गुडघाभर बर्फ होता. पुढच्या खोलीत माझी थोरली बहीण ॲडलीन अंथरुणाला खिळली होती. हृदय थकलं होतं. फादर येऊन शेवटचं पवित्र तेल लावून गेले होते.

तिची एकच इच्छा उरली होती. जाताना हातात ग्रोम्नित्सा हवी.

आम्हा पोलिश लोकांत फेब्रुवारीच्या सुरुवातीला चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात, त्यातली ही मेणबत्ती. वीज कडाडली की घरात लावायची. आणि कुणी जायला निघालं, की पेटवून त्याच्या हातात द्यायची. पुढच्या वाटेला उजेड म्हणून. माझी आई तीच धरून गेली. माझे यजमान लिओनर्डही. उरलेली अर्धी मी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून खणात ठेवली होती. ॲडलीनसाठी.

आणि भिंतीपलीकडे, जेवणाच्या टेबलावर, माझा जावई टॉड गोट्यांचं यंत्र बांधत होता.

हो, गोट्यांचं. पंचेचाळिशीचा बाप्या.

तळघरात त्याने लेझरचं मशीन आणून ठेवलंय. ते प्लायवूड जाळत जाळत कापतं. घरभर जळक्या लाकडाचा वास, आणि तुकड्यांच्या काळ्या कडांना नुसतं बोट लागलं तरी काजळी. हे तुकडे एकमेकांत अडकवून मोठं चाक करायचं. चाकाने रहाटगाडग्यासारख्या गोट्या वर न्यायच्या. मग त्या पन्हळींतून गडगडत खाली. मग परत वर.

झालं. याच्यापुढे काही नाही.

मी एकदा विचारलं होतं, यातून निघतं काय? तर म्हणाला, "मा, हे बघत बसलं की मन शांत होतं."

त्याला मन आहे, हे मला तेव्हा कळलं.

माझी मुलगी डेनीस त्याची बाजू घेते. म्हणते, निदान बारमध्ये तरी जात नाही. गेला असता तर टेबल तरी मोकळं राहिलं असतं.

त्या दुपारी मी ॲडलीनला सूप भरवत होते. पलीकडे चाक करकरत होतं. कर्र... कर्र... तिचे डोळे प्रत्येक वेळी आक्रसायचे. मग करकर एकदम थांबली. मला बरं वाटलं.

ऊन उतरलं तसा तिचा श्वास बदलला. मी आईच्या वेळी ऐकला होता तो श्वास. ओळखला. उठून खण उघडला.

फडकं होतं. नीट घडी घातलेलं.

आत काही नव्हतं...

पलीकडे गेले, तर टॉडच्या टेबलावर नुसती वात पडली होती. शेजारी डेनीसचा केस वाळवायचा ड्रायर.

मी आवाज चढवत नाही. हळूच विचारलं, हे कुठून घेतलंस?

"खणात होती. व्हिडिओत सांगतात ना, चाकाच्या दात्यांना मेण घासा. मी वितळवून पार आत मुरवलं. बघा, लोण्यासारखं फिरतंय."

"ती ॲडलीनची होती, टॉड."

तो ओशाळला. थोडासाच. "अहो, मेण ते मेण, मा. उद्या नवीन आणतो. व्हॅनिलाच्या वासाची चालेल?"

म्हणजे माझ्या बहिणीने देवाच्या घरी केकच्या वासात जायचं.

डबक्यात दगड मारून आपलेच कपडे खराब होतात. डेनीसला तेवढं चर्चकडे पिटाळलं, फादरांकडे एखादी असेल म्हणून. ती वात उचलून आणली, पेटवून पाहिली. तिला मेणाचा थर अजून चिकटलेला होता. काडी संपली, बोट भाजलं...

तरी वात पेटली नाही.

पलीकडे टॉडने हात दुखतो म्हणून यंत्राला मोटर लावली होती. गोटी वर जायची. टक. मग गडगड... गडगड... खाली टक. मी बहिणीशेजारी बसून जपमाळ म्हणत होते. कान मात्र तिकडे.

मग काहीतरी कमी झालं.

वर टक झालं... आणि गडगड आलीच नाही.

नुसती शांतता.

बऱ्याच वेळाने खाली... टक.

पुढची गोटीही तशीच. त्याच्या पुढचीही.

टॉड दारात आला. तळहातावर गोटी होती. दात दाखवत होता, पण हसू काही जमत नव्हतं. "मा, ही जरा बघा. गरम लागतेय. मोटर तापली असेल, नाही का?"

मोटर पार दुसऱ्या टोकाला होती. मी गोटी हातात घेतली. काच होती ती. पण कोमट... ताप आलेल्या माणसाच्या मुठीतून नुकतीच निघाल्यासारखी. मी ती त्याला परत दिली. तो गेला, आणि शहाण्याने ती पुन्हा यंत्रात टाकली.

तेव्हा ॲडलीन बोलली. डोळे मिटलेलेच.

"बर्नी, कोण आलंय गं?"

कुणी नाही, मी म्हटलं.

"हातात काहीतरी देतंय. धरायला गेले की काढून घेतंय."

मी तिचा उजवा हात पाहिला. पांघरुणावर उताणा पडला होता. पलीकडे गोटी वर पोचली. टक. शांतता...

तिची बोटं हळूहळू मिटली.

खाली टक.

बोटं उघडली. हात रिकामा. पण तळव्याच्या मधोमध काजळीचा बारीक ठिपका उमटला होता.

पुन्हा मूठ मिटली. पुन्हा उघडली. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळून उशीवर जात होतं. आयुष्यभर कुणाकडे काही न मागितलेली बाई ती.

"द्यायचं तर देऊन टाक म्हणावं गं," ती म्हणाली. "असं खेळवू नको."

मी उठून दार उघडलं. बंद कर, म्हटलं. तो म्हणाला, ही एक फेरी पुरी होऊ दे, मा, मला समजून घ्यायचंय. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला काही समजून घ्यायचं होतं, तेही नेमकं आत्ता. मी भिंतीतून वायर उपटली.

चाक थांबलं.

वर एक टक झालेलं मी ऐकलं होतं.

खाली आलं नाही.

मी वळून पाहिलं. ॲडलीनची मूठ मिटलेली होती. ती उघडली नाही. एक लांब श्वास बाहेर गेला... आणि दुसरा आत आलाच नाही.

डेनीस कोटाच्या आत मेणबत्ती जपत आली, केसांवर बर्फ घेऊन. आम्ही ती हातात द्यायला गेलो. एक बोटसुद्धा हललं नाही. सगळं अंग गार पडलं, तरी ती मूठ कोमट राहिली. शवपेटीची तयारी करणाऱ्या माणसानेही प्रयत्न करून पाहिला. शेवटी त्याने जपमाळ मुठीवरूनच गुंडाळली.

डेनीस म्हणते, मावशीचा चेहरा शांत होता. मला तो कान देऊन काहीतरी ऐकत असल्यासारखा दिसला.

यंत्रातली एक गोटी कमी भरली. टॉड म्हणाला, फ्रिजखाली गेली असेल. त्याने फ्रिज सरकवला. खाली धूळ होती. मग सोफा उलटा केला. मग यंत्राचे तुकडे सुटे करून खोक्यात भरले. आता म्हणतो, त्या खेळाचा कंटाळा आला. कंटाळा आलेला माणूस तळघरात उतरताना बायकोला बरोबर नेत नाही.

मी त्याला काही विचारत नाही. त्याच्याकडे उत्तर असतं, तर मला जास्त भीती वाटली असती.

रोज संध्याकाळी ॲडलीनसाठी प्रार्थना करते. पूर्वी मी म्हणायचे, प्रभू, तिला उजेडात ने. आता ते शब्द ओठांवर येता येता अडतात. तिच्या मुठीत उजेड आहे का, हेच मला ठाऊक नाही.

म्हणून एवढंच म्हणते... प्रभू, जे काही तिच्या हातात आहे, ते आता परत काढून घेऊ नकोस.